तीनवर

माझ्या हातांच्या भेगा शेतातल्या नाहीत,
ओल्या प्लास्टरच्या आहेत.
एकतीस वर्षं अंबाजोगाईच्या दवाखान्यात
बादलीत पट्टी बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत थांबलो,
दोन्ही टोकं धरून हलकेच पिळली.
घाई केली तर पट्टी आतून कोरडी राहते
आणि माणूस आठ दिवसांत परत येतो
भेगाळलेला पाय पुढं करून, मलाच रागावत.

मांडीचं हाड मोडलेला केजचा पोरगा.
नडगीतून आरपार सळई, सळईला दोरी, दोरी कप्पीवरून खाली.
वजनं कमी पडली तेव्हा
सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून
मीच टांगल्या, किराणा दुकानातून तोलून आणलेल्या. सात किलो.
खाटेच्या पायथ्याला दोन-दोन विटा.
सहा आठवडे तो छताकडं बघत
पालींना नावं देत राहिला.
परवा बस स्टँडवर भेटला, कंडक्टर झालाय.
जरासा लंगडतो. गर्दीत कळतही नाही.

खुबा निखळला की पाय आत वळतो, आखूड होतो,
लाजून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.
अशाला टेबलावर नाही, खाली गादीवर घ्यायचं.
मी दोन्ही हातांनी कंबर दाबून धरायची,
डॉक्टर नेरलकर गुडघा वाकवून वर ओढायचे,
आडातून भरली घागर शेंदावी तसं.
कपाळाचा घाम माझ्या मनगटावर पडायचा
आणि मग खट्ट.
तो आवाज कानाला नाही, तळहाताला येतो.
घरी बायको विचारायची, आज काय?
मी म्हणायचो, एक बसला.
तिला वाटायचं, कुणी बस धरली.

मणक्याचं मात्र
असं घरी येऊन सांगण्यासारखं काही नसतं.

धारूरकडची प्रयागबाई. चिंचा झोडायला चढली,
फांदीसकट खाली आली.
लोकांनी चादरीच्या झोळीत घालून आणली.
झोळीत घालू नये, फळी लागते,
पण तिथं फळी कुठली? घराचं दार काढावं लागतं,
आणि दार काढायचं भल्याभल्यांना सुचत नाही.

तिला कूस बदलवायला चार माणसं लागायची.
डोकं माझ्याकडं, खांदे सिस्टर शिंगाडेंकडं,
कंबर आणि पाय तिच्या दोन पोरांकडं.
मोजायचं मी. तीनवर सगळ्यांनी एकदम,
ओंडका फिरवावा तसं, कुठंच पीळ न पडता.
दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा.

रोज सकाळी नेरलकर टाचणी घेऊन यायचे.
कळायलंय का, मावशी?
हाव.
आता?
हाव, कळायलंय की.
ती त्यांच्या तोंडाकडं बघायची, पायाकडं नाही.
मी पायाकडं बघत होतो.
टाचणी अजून टेकलीच नव्हती.

नेरलकरांनाही दिसलं असावं.
ते म्हणाले, बरं, आणि टाचणी कॉलरला खोचली,
आणि पुढच्या खाटेपाशी गेले, तिथं खाट रिकामी होती.

घरी न्यायच्या आदल्या दिवशी
मी पोरांना खाटेभोवती उभं करून शिकवलं.
टाच हवेत राहायला पाहिजे, पोटरीखाली उशी.
पाठ रोज बघायची, लाल दिसली की त्या अंगावर निजवायचं नाही.
धाकटा वहीत लिहून घेत होता,
थोरला चिंचेच्या मालकाला शिव्या देत होता.
प्रयागबाई म्हणाली, झाड माझंच होतं की रे.

पुढच्या फाल्गुनात फोन आला.
पाठ कशी आहे, मी आधी तेच विचारलं.
चांगली आहे, मामा. एक जखम नाही.
आणि आता आम्ही मोजत नाही,
आईच मोजते.
एक म्हणते, दोन म्हणते,
मग जरा थांबते.
आम्ही हात लावून तसेच उभे.